तारप्याच्या लयीला खळे हवे

शाळेचे स्नेहसंमेलन असो, शासकीय महोत्सव असो किंवा एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन असो, पालघर जिल्ह्यातील कार्यक्रमपत्रिकेवर 'तारपा नृत्य' ही बाब आता बहुधा ठरलेली असते. तिच्यापुढे वेळही नेमून दिलेली असते : पाच मिनिटे. निवेदक नाव पुकारतो, वादक ध्वनिक्षेपकापुढे उभा राहतो, नर्तकांची साखळी प्रेक्षकांकडे तोंड करून डोलू लागते आणि पावले जुळतात न जुळतात तोच पडद्याआडून थांबण्याची खूण होते. टाळ्या पडतात, पुष्पगुच्छ दिला जातो, पुढचे नाव पुकारले जाते. लोककलेचा मान राखल्याचे समाधान संयोजकांना मिळते. मात्र त्या पाच मिनिटांत रंगमंचावर जे झाले, त्याला तारपा नृत्य म्हणावे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

तो विचारावयास हवा. कारण संगीतातील लय ही केवळ वादकाच्या बोटांत किंवा श्वासात नसते. ती कोठे उमटते, किती वेळ उमटते आणि कोणासाठी उमटते, यांवर तिचे रूप अवलंबून असते. जागा बदलली की लय बदलते आणि लय बदलली की कलाकृतीचा अर्थही बदलतो. पाश्चात्त्य संगीतात या गोष्टीचा विचार फार बारकाईने झालेला आहे. तेथे स्वरलिपी कागदावर पक्की छापलेली असते. ज्या संगीतात सारे लिहून ठेवले आहे, तेथे तरी जागेचा प्रश्न उरू नये असे वाटेल. प्रत्यक्षात तो तेथेही उरलेलाच आहे.

बीथोव्हेनचेच उदाहरण घ्यावे. मेल्झेलच्या लयमापक यंत्राला, म्हणजे मेट्रोनोमला, १८१५ साली एकस्व मिळाले आणि १८१७ मध्ये बीथोव्हेनने तोवर रचलेल्या आपल्या आठ सिंफनींसाठी लयीचे आकडे प्रसिद्ध केले. 'एरोइका' या तिसऱ्या सिंफनीच्या पहिल्या भागासाठी त्याने दिलेला आकडा मिनिटाला साठ असा आहे. म्हणजे प्रत्येक सेकंदाला एक आवर्तन पुरे व्हावयाचे. याहून स्पष्ट आज्ञा कोणती असावी? तरीही विसाव्या शतकातील अनेक नामवंत संचालकांनी ती सिंफनी याहून पुष्कळच संथ वाजविली. त्यांना आकडा ठाऊक नव्हता असे नाही. बीथोव्हेनची ही रचना १८०४ साली प्रथम घुमली ती व्हिएन्नातील लोब्कोविट्झ या सरदाराच्या प्रासादातील एका दालनात. ते दालन लहान होते आणि वादक सुमारे तीस होते. पुढील काळात तीच सिंफनी ऐंशी-नव्वद वादकांनी, दोन-अडीच हजार श्रोत्यांच्या सभागृहात वाजविण्याची प्रथा पडली. दालनात जी लय खळाळत्या पाण्यासारखी वाटे, ती अशा विस्तीर्ण सभागृहात स्वरांचा गलका होऊन बसण्याचा धोका होता. १९८० च्या दशकात रॉजर नॉरिंग्टन यांच्यासारख्या संचालकांनी जुनी वाद्ये व लहान वाद्यवृंद घेऊन मूळ आकडे गाठण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अनेकांना हे आकडे प्रथमच शक्य कोटीतले वाटले. आकडा तोच होता. त्याच्याभोवतीचे सामान बदलले होते.

यामागील कारण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यास सहज समजण्यासारखे आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सतरा मीटर दूर बसलेल्या वादकाचा स्वर पोहोचावयास सेकंदाचा विसावा भाग लागतो; म्हणून मोठ्या वाद्यवृंदात मागचा वादक केवळ कानावर विसंबला तर मागेच पडतो, त्याला संचालकाच्या हाताकडे पाहावे लागते. शिवाय स्वर एकदा उमटला की तो लगेच विरत नाही. भिंती आणि छत यांवर आपटून काही काळ घुमत राहतो. वॉलेस सॅबाइन या अमेरिकी प्राध्यापकाने १८९५ च्या सुमारास हार्वर्ड येथील एका व्याख्यानगृहात या घुमाऱ्याचे मोजमाप सुरू केले आणि त्याच अभ्यासाच्या आधारे १९०० साली बोस्टनचे सिंफनी सभागृह उभे राहिले. माणसांची अंगे आणि कपडे ध्वनी शोषतात, त्यामुळे रिकाम्या सभागृहातील तालमीत जो घुमारा असतो तो भरल्या सभागृहात उरत नाही. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील प्रतिध्वनी तर १८७१ पासून कुप्रसिद्ध होता. तो आवरण्यासाठी अखेर शंभर वर्षे होत आली असता छताखाली मोठमोठ्या तबकड्या टांगाव्या लागल्या. सेर्ज्यू चेलिबिडाके या रुमानियन संचालकाने यातून टोकाचा निष्कर्ष काढला. लय ही अगोदर ठरविता येत नाही, त्या सभागृहात त्या क्षणी स्वरांना उमलावयास जितका अवधी लागेल तितका द्यावा, असे त्याचे म्हणणे होते. ध्वनिमुद्रिकांना तो याच कारणाने विरोध करी. ब्रुकनरची आठवी सिंफनी इतर संचालक साधारणतः ऐंशी मिनिटांत संपवीत. त्याने ती म्युनिकमध्ये शंभर मिनिटांहूनही अधिक काळ चालविली.

सिंफनीची ही चर्चा पालघर-बोईसरच्या वाचकाला दूरची वाटेल. पण ती तितकी दूरची नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राची आखणी ज्यांच्या हयातीत झाली ते डॉ. होमी भाभा पाश्चात्त्य संगीताचे निस्सीम चाहते होते. १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात त्यांचा अंत झाला. १९६९ साली तारापूरचे केंद्र व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले आणि त्याच वर्षी त्यांचे बंधू जमशेद भाभा यांनी जे. आर. डी. टाटा यांच्या साह्याने मुंबईत 'नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स' ही संस्था स्थापन केली. या संस्थेने पुढे जे केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. १९८० साली तिने टाटा थिएटर उभारले ते प्रामुख्याने भारतीय संगीताचा विचार करून : गायक आणि श्रोता यांत अंतर पडू नये, चेहऱ्यावरचे भाव दिसावेत, ध्वनिक्षेपकावाचूनही स्वर पोहोचावा. पाश्चात्त्य ऑपेरा व मोठे वाद्यवृंद यांना सामावील असे जमशेद भाभा थिएटर वेगळे बांधले गेले. ते १९९९ मध्ये खुले झाले. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना त्यानंतर, २००६ साली झाली. दोन संगीते, म्हणून दोन वास्तू. नरिमन पॉइंटला जे शहाणपण सुचले, ते शंभर किलोमीटर उत्तरेस तारप्याच्या वाट्याला का येऊ नये?

तारप्यालाही त्याचे स्वतःचे सभागृह आहे. ते म्हणजे भाताचे खळे किंवा पाड्यातील मोकळे अंगण. वाळविलेला भोपळा, त्यात बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांधे बुजविण्यासाठी मेण आणि पुढे ताडाच्या पानाचा लांब कर्णा, असे हे वाद्य. वादक नाकाने श्वास घेत असतानाच गालात साठविलेल्या हवेने फुंकर चालू ठेवतो, त्यामुळे स्वर तुटत नाही. भात तयार होऊ लागल्यापासून कापणी-मळणीपर्यंतचे दिवस हे त्याचे खरे दिवस. वादक मध्यभागी असतो. स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी धरतात आणि त्याच्याभोवती फिरतात. तारप्याकडे पाठ करावयाची नाही, असा संकेत आहे. वादक जिकडे वळेल तिकडे साखळी वळते. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. साखळीच्या टोकाचा नर्तक हातातील घुंगुरकाठी जमिनीवर आपटून ठेका धरतो.

आता वाद्यवृंदाच्या दृष्टीने या रचनेकडे पाहावे. मध्यभागी उभा असलेला वादक हाच येथे संचालकही आहे, आणि प्रत्येक नर्तक त्याच्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहे. मोठ्या वाद्यवृंदात मागच्या वादकाची जी अडचण असते ती वर्तुळात मुळातच उद्‌भवत नाही. अनवाणी पावले मातीवर एकदम पडतात, ती ऐकू येतात आणि जाणवतातही. लय प्रारंभी संथ असते. नवखे येऊन मिळतात, दमलेले बाजूस होतात, साखळी लांबते, आणि सर्वांचे पाऊल एक झाल्यावरच वादक वेग वाढवितो. हा वेग तो घड्याळाकडे पाहून वाढवीत नाही. साखळीच्या अंगात किती बळ आले आहे, हे पाहून वाढवितो. म्हणूनच हा खेळ रात्र रात्र चालू शकतो.

हेच वर्तुळ रंगमंचावर नेले की काय घडते? प्रेक्षक एका बाजूस बसलेले असल्याने वर्तुळ उघडून त्याचा अर्धचंद्र होतो. ध्वनिक्षेपक एका जागी रोवलेला असल्याने वादकाला फिरता येत नाही. जो साखळीला वळवीत होता तोच जखडला जातो. फळ्यांच्या मंचावर मातीचा ठेका राहत नाही. आणि पाच मिनिटांतच रंग भरावयाचा असल्याने पहिल्या फुंकरीपासूनच द्रुत लय धरावी लागते. चढण नाहीशी होते, केवळ माथा उरतो. पाहणाऱ्याला तो उत्साह वाटतो. वस्तुतः ती घाई असते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. जागा बदलल्याने कला नेहमी बिघडतेच असे नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर साडेतीन मिनिटांच्या आत गाणे संपवावे लागे, तरीही अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी त्या अवधीत अजोड गाणे भरून ठेवले. वारली चित्रकलाही झोपडीच्या भिंतीवरून १९७० च्या दशकात कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतील तारप्याभोवतीचा फेरा आज रेल्वे स्थानकांच्या भिंतींवरही दिसतो. मग तारपा तेवढा खळ्यावरच का राहावा? शिवाय रंगमंचाने वादकाला मानधन दिले, नाव दिले. २०२६ सालच्या पद्मश्री पुरस्कारांत जव्हार तालुक्यातील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव आले, हेही या कलेकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेल्याचेच फळ होय.

आक्षेपात तथ्य आहे. परंतु तबकडी भरणारा गवई त्याच रात्री मैफलीत तास-दोन तास गाऊ शकत होता. त्याची मैफल शाबूत होती, म्हणून तबकडी ही तिची चुणूक ठरली. चित्राला तर काळाचे बंधनच नाही. कागदावरचा फेरा पाहणारा हवा तितका वेळ पाहू शकतो. तारप्याचे खळेच आटत चालले, तर मंचावरची पाच मिनिटे ही कशाची चुणूक ठरणार? बोईसर-तारापूर पट्ट्यात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. येथील औद्योगिक वसाहतीत पाळ्यांचे घड्याळ चालते. सुगीचे दिवस आणि भोंग्याचे दिवस यांचा मेळ बसत नाही. सणासुदीला ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांच्यापुढे भोपळ्यातून निघणारा स्वर ऐकू येणे अशक्य होते. पाड्यावरचा तरुण पाळी संपवून घरी येतो तेव्हा खळ्यावर कोणी नसते. मग त्याच्या मुलाला तारपा भेटतो तो शाळेच्या मंचावर, पाच मिनिटांपुरता. मुलाची अशी समजूत होते की तारपा म्हणजे हेच. नुकसान आहे ते येथे.

हे नुकसान टाळण्यासाठी नव्या नाट्यगृहाची किंवा मोठ्या अनुदानाची वाट पाहावयाचे कारण नाही. जिल्ह्यातील शिक्षकांच्या हाती पुष्कळसे आहे. स्नेहसंमेलनात तारपा मंचावर न चढविता मैदानावर ठेवावा. ध्वनिक्षेपक बंद ठेवावा; शाळेच्या मैदानावर गोल बसलेल्या मुलांना तो त्यावाचूनही ऐकू येतो. पाचाऐवजी निदान तीस-चाळीस मिनिटे द्यावीत आणि ही बाब सर्वांत शेवटी ठेवावी, म्हणजे पुढच्या कार्यक्रमाचा तगादा वादकाच्या मागे राहणार नाही. मुलांना केवळ पाहावयास न बसविता साखळीत उभे करावे. विज्ञानाच्या शिक्षकाला घुमारा आणि ध्वनीची गती शिकविण्यासाठी याहून चांगला प्रयोग मिळणार नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा स्वतंत्र झाला. जिल्ह्याच्या महोत्सवांची आखणी करणाऱ्यांनीही मंचाचा आराखडा करताना शेजारी मातीचे एक वर्तुळ आखून ठेवण्यास फारसा खर्च येऊ नये.

वाद्यवृंदाचा संचालक नव्या सभागृहात पाऊल टाकतो तेव्हा प्रथम एक टाळी वाजवून ती कशी विरते हे कान देऊन ऐकतो आणि मगच लय ठरवितो. तारपावादकाला आमंत्रण धाडणाऱ्यांनी एवढाच शिष्टाचार पाळला, त्याला वेळ किती लागेल आणि जागा कशी हवी हे अगोदर त्यालाच विचारले, तरी पुष्कळ काही साधेल. आजवर त्याला फक्त किती मिनिटांत संपवावयाचे एवढेच सांगण्यात आले आहे.