इन्सुलिन आहे, मूल मात्र वाचत नाही

मधुमेह हा सुखवस्तूंचा आणि उतारवयाचा रोग, ही समजूत अद्याप आपल्या मनातून गेलेली नाही. शासनाच्या कार्यक्रमातूनही ती गेलेली नाही. गावोगावची मधुमेह-तपासणी तीस वर्षांवरील नागरिकांसाठी योजलेली आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह मात्र शाळकरी वयातच गाठतो. शरीरात इन्सुलिन तयार होणेच थांबते आणि रोजच्या टोचणीवाचून असे मूल जगत नाही.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली टोचणी मिळाली. पुढच्याच वर्षी बॅंटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. औषध सर्वांचे व्हावे, ही त्यामागील भावना. शंभर वर्षे उलटली, तरी भूम-परंड्याच्या शेतमजुराला ते सहज लाभते काय, हा प्रश्न उरतोच.

येथे पहिला अडसर निदानाचा आहे. मूल वारंवार लघवीला जाते, खंगते, ओकते, धापा टाकते. घरचे त्याला जंत किंवा बाधा समजतात. डॉक्टरही कधी न्यूमोनिया समजतो. बोटातील रक्ताचा एक थेंब तपासला तर मिनिटाभरात उलगडा होतो. दुसरा अडसर सातत्याचा. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात. तेथे कोपीत ना शीतकपाट, ना ओळखीचा दवाखाना. इन्सुलिन थंड राखण्यासाठी मातीचे माठ उपयोगी पडतात. पण संपलेली कुपी माठ भरून देत नाही.

जन्मजात अवटुग्रंथीच्या न्यूनतेची कथा याहून दारुण आहे. नवजाताच्या टाचेतील रक्त तपासून पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची स्वस्त गोळी सुरू केली, तर मूल इतरांसारखे वाढते. विलंब झाल्यास बुद्धीची हानी भरून येत नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराचा समावेश आहे. कागदावरील हा समावेश प्रत्येक प्रसूतिगृहापर्यंत पोहोचला पाहिजे.

बाल-अंतःस्रावतज्ज्ञ मुख्यतः महानगरांत एकवटले आहेत. प्रत्येक तालुक्याला तज्ज्ञ मिळावा, असा आमचा भाबडा आग्रह नाही. २०१८ साली केंद्राने ज्या जिल्ह्याला आकांक्षित म्हटले आणि जेथे २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी मिळाली, तेथे एवढे तरी व्हावे: महाविद्यालयात या मुलांसाठी ठरल्या वारी बाह्यरुग्ण विभाग, त्याला मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांची नियमित साथ, प्राथमिक केंद्रात अत्यवस्थ मुलाची रक्तशर्करा-तपासणी, आणि एकाच कार्डावर राज्यातील कोणत्याही शासकीय रुग्णालयात इन्सुलिन, सुया व तपासणीपट्ट्या विनामूल्य.

ही दया नव्हे, हक्क आहे. कार्यकर्त्यांनी आशाताई आणि शिक्षकांना सोबत घेऊन आठही तालुक्यांतील अशा मुलांची नोंद करावी व ती जिल्हा परिषदेपुढे ठेवावी. ज्यांची गणतीच होत नाही, त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.