मे महिन्यातली चंबळ

नकाशावर निळी रेघ दिसली की आपण चार प्रश्न विचारतो. पात्र किती रुंद, पाणी किती खोल, काठ कसा, उतार कुठे मिळेल? प्रश्न योग्यच आहेत. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांपुढे माघार घेणाऱ्या कर्नल मॉन्सनच्या फौजेला होळकरांच्या घोडदळाइतकेच फुगलेल्या नद्या-नाल्यांनीही छळले. पण नदी म्हणजे अडथळा, नाहीतर पाणीपुरवठ्याचे ठिकाण, एवढ्यावरच आपले शिक्षण थांबते हे मला खटकते. ही नदी जिवंत आहे का, हा पाचवा प्रश्न छात्रांनी विचारायला हवा.

चंबळचेच उदाहरण घेऊ. तिचा उगम महू छावणीजवळच्या जानापाव डोंगरात होतो. सुमारे ९६० किलोमीटर वाहून ती उत्तर प्रदेशात यमुनेला मिळते. दिल्ली आणि आग्र्याचे सांडपाणी वाहून आणणाऱ्या यमुनेला स्वच्छ पाणी मिळते ते तिथे. प्रयागराजच्या संगमावर आपण जिला यमुना म्हणून हात जोडतो, तिच्यात चंबळचा वाटा मोठा आहे.

हे पाणी स्वच्छ राहिले ते काही अंशी भीतीमुळे. चंबळच्या घळींना, म्हणजे बीहडला, डाकूंचा मुलूख म्हणत. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने अनेक डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली. तोवर काठावर मोठी शहरे किंवा कारखाने उभारायला कोण धजावणार? डाकूंनी नदी राखली असे कुणी म्हणणार नाही, पण त्यांच्या नावाने ती राखली गेली खरी.

आज घडियालांची जगातली सर्वांत मोठी वस्ती इथे आहे. १९७० च्या दशकात घडियाल नामशेष होण्याच्या बेतात होता. त्यानंतर इथे अभयारण्य झाले. घडियालाला मगरीसारखे जमिनीवर फारसे चालता येत नाही. त्याला लागतो वाहता प्रवाह, भरपूर मासे आणि उंच, कोरडी वाळू. मार्च-एप्रिलमध्ये मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात. याच वाळूवर दुर्मीळ कासवांची घरटी असतात. गंगेचा डॉल्फिनही या नदीत आहे. त्याला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. तो आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर मार्ग काढतो. नौदलात जाऊ पाहणाऱ्या छात्रांना सोनार समजावताना हे उदाहरण जरूर द्यावे.

डिसेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात चंबळच्या खालच्या टप्प्यात शंभराहून अधिक घडियाल मेले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. यमुनेतून वर येणाऱ्या विषारी माशांवर संशय होता. माणसाआधी मासे खाणाऱ्याने इशारा दिला, असा मी त्याचा अर्थ घेतो.

‘पाणी वाहून वाया जाते’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. चंबळवर गांधी सागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर आणि कोटा बंधारा अशी चार बांधकामे आहेत. उन्हाळ्यात कोट्याखाली नदीला आधार असतो तो पार्वती, कालीसिंध या उपनद्यांचा. त्यांचेही पाणी पूर्व राजस्थानकडे नेणाऱ्या जोड प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर २०२४ मध्ये झाली. पूर्व राजस्थानची तहान खरी आहे आणि तिथल्या शेतकऱ्याला घडियालाचे कौतुक सांगून ती भागणार नाही. मात्र मे महिन्यात नदीत किती पाणी राहील, हा आकडा आधी ठरला पाहिजे. उरेल ते नदीला, असा हिशेब धरला तर काही उरत नसते.

वाळूचे तसेच. पावसाळ्यात ती पाणी मुरवून घेते आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडते. ती उपसली की घरट्यांबरोबर हा साठाही जातो. या भागात बेकायदा खाणकामाला हात घालणे किती जोखमीचे आहे, हे मार्च २०१२ मध्ये दिसले. मुरैना जिल्ह्यात बेकायदा दगड नेणारा ट्रॅक्टर अडवताना नरेंद्रकुमार हा तरुण आयपीएस अधिकारी त्याखाली चिरडून गेला. त्याच्या मृत्यूबद्दल आपल्या वर्गांत बोलले जायला हवे. तो सीमेवर नव्हता, तरी कर्तव्यावरच होता.

नदीकाठी वर्षातून एकदा प्लॅस्टिक गोळा करण्याला माझा विरोध नाही, पण त्याने फारसे काही साधत नाही. त्याऐवजी प्रत्येक तुकडीने आपल्या जवळच्या नदीची एप्रिल-मेमध्ये नोंदवही ठेवावी: प्रवाह आहे का, वाळू शिल्लक आहे का, मेसचे सांडपाणी शेवटी कुठे पोहोचते. आणि शाळेत नवे वसतिगृह किंवा भिंत उभी राहत असेल, तर वाळूच्या ट्रकचा वाहतूक परवाना कुणीतरी मागून पाहावा. कंत्राटदाराला ते आवडणार नाही.