क्लास कुठला हे नंतर, अडलंय कुठे ते आधी

निकाल लागला की आपल्याकडे फ्लेक्सचं पीक येतं. साताऱ्यात पोवई नाका असो नाहीतर सांगलीत विश्रामबाग, हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा, खाली टक्के आणि त्याखाली क्लासचं नाव. ते बघून घरात चर्चा सुरू होते, ‘यंदा कुठल्या क्लासला घालायचं?’ फी विचारली जाते, बॅचची वेळ विचारली जाते, शेजारच्याचा मुलगा कुठे जातो तेही विचारलं जातं. ज्याला शिकायचं आहे तो नेमका कुठे अडलाय, एवढं मात्र कुणी विचारत नाही. आणि खरं सांगायचं तर आपण स्वतःही स्वतःला विचारत नाही.

शिकवणी आता काही मोजक्या घरांपुरती राहिलेली नाही. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार देशातले २७ टक्के शाळकरी विद्यार्थी खासगी शिकवणी घेतात. शहरात हे प्रमाण ३०.७ टक्के आहे आणि खेड्यात २५.५ टक्के. म्हणजे खेडंही फार मागे नाही. ही सवय शाळेत लागते आणि आपण ती कॉलेजात सोबत घेऊन येतो. एम-थ्री राहिला, लावा क्लास. अकाउंट्स जमत नाही, लावा क्लास. ताप आला की मेडिकलमधून गोळी आणावी तसं. गोळी कधी लागू पडते, कधी नाही. पैसे मात्र दोन्ही वेळा जातात, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ते पैसे उसाच्या बिलातून नाहीतर डेअरीच्या पगारातून आलेले असतात.

शिकवणी वाईट असते, असं मला म्हणायचं नाही. साताऱ्यात बसून तसं म्हणणं शोभणारही नाही. ज्यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, ते कर्मवीर भाऊराव पाटील त्याआधी साताऱ्यात शिकवण्या घेत होते. लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणायचे. त्यांचं मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं ऐतवडे बुद्रुक. त्यांच्या नावामागे कुठलीही मोठी पदवी नव्हती, तरी पालक मुलं त्यांच्याकडे पाठवत होते. तेव्हा चांगला शिकवणारा मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच आहे की आपल्याला लागणारा शिकवणारा ओळखायचा कसा?

सुरुवात स्वतःच्या उत्तरपत्रिकेपासून करा. तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा आणि तिची प्रत मागण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. विद्यापीठाकडे रीतसर अर्ज करून, फी भरून झेरॉक्स मिळते. बहुतेक जण ती फक्त रिव्हॅल्युएशनला टाकायचं की नाही हे ठरवण्यापुरती मागवतात. पण शिकवणी शोधायला याच्यापेक्षा चांगला कागद नाही. ती झेरॉक्स समोर ठेवा आणि जिथे जिथे मार्क गेले तिथे पेन्सिलीने कारण लिहा. कारणं साधारण चारच निघतील.

पहिलं कारण, मागचंच कच्चं आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना विचारा. लाप्लास ट्रान्सफॉर्म येत नाही म्हणून एम-थ्रीचा क्लास लावतात. खरं घोडं अडलेलं असतं त्याआधीच्या पार्शल फ्रॅक्शनमध्ये आणि इंटिग्रेशनमध्ये. साठ जणांच्या बॅचमध्ये सर एम-थ्रीच शिकवणार, मागचं घ्यायला त्यांना वेळ कुठे? बी.कॉम.वाल्यांचंही तेच. कंपनी अकाउंट्स अवघड वाटतं, पण जर्नल एन्ट्रीच पक्की नसते. अशांना वर्षभराचा क्लास नको असतो. समोर बसवून मागचं भरून काढणारा एक माणूस दहा-बारा बैठकांसाठी हवा असतो. तो तुमच्याच कॉलेजचा फायनल इयरचा सीनियरही असू शकतो.

दुसरं कारण भाषेचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीपासून सगळं इंग्रजीत, हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कितीतरी पोरांचा प्रवास आहे. समजलेलं असतं, मराठीत विचारलं तर सांगताही येतं, पेपरात मात्र तीन ओळींवर पेन थांबतं. फाडफाड इंग्रजीत लेक्चर देणाऱ्या सरांचा इथे उपयोग नाही. नुसतं मराठीत समजावून सोडून देणाऱ्यांचाही नाही. मराठीत समजावून त्याच बैठकीत इंग्रजीत लिहून घेणारा, आणि लिहिलेलं तपासणारा शिक्षक लागतो.

तिसरं कारण, येतं पण वेळेत होत नाही. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. इथे नवीन काही शिकवून घ्यायचं नसतं, घड्याळ लावून सराव करायचा असतो. त्याला सराव परीक्षा आणि सोबतीला एखादा मित्र पुरतो.

चौथं कारण लिहायला धीर लागतो. अभ्यासच झालेला नाही. घरी जागा नाही, मोबाइल सुटत नाही, ठरावीक वेळ नाही. यावर उपाय अभ्यासिका आहे. तिथली महिन्याची फी क्लासच्या फीपेक्षा बरीच कमी असते.

म्हणजे चारपैकी फक्त दोन कारणांसाठी शिकवणारा माणूस लागतो. हे पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं.

आता समजा, माणूस लागतोच. शोधायचा कुठे? आपण टॉपरला विचारतो, ‘तू कुठे जात होतास?’ पण टॉपर कुठेही गेला असता तरी टॉपरच आला असता. त्यापेक्षा मागच्या वर्षी ज्याचा तोच विषय राहिला होता आणि यंदा चांगला निघाला, त्याला गाठा. त्याला कुणी, काय आणि कसं शिकवलं, ही खरी माहिती. कॉलेजच्या लायब्ररीतल्या लोकांना विचारा, डिपार्टमेंटच्या लॅब असिस्टंटना विचारा. निवृत्त झालेले जुने सर अजून चार पोरं घरी घेतात, हे त्यांनाच माहीत असतं. अशा सरांचा फ्लेक्स कुठेच नसतो.

डेमो लेक्चरला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. चुकलेलं एक गणित, तुमच्या चुकीसकट, सोबत न्या. मग बघा. शिक्षक ‘तू काय केलंस ते दाखव’ म्हणतात की थेट फळ्याकडे वळून पहिल्यापासून उतरवायला लागतात? तासात पेन जास्त वेळ कुणाच्या हातात होतं? ‘नाही समजलं’ म्हटल्यावर तेच वाक्य मोठ्या आवाजात आलं, की दुसरं उदाहरण आलं? डेमो तर सगळेच छान देतात. जोक होतात, मोटिव्हेशन होतं. बाहेर पडल्यावर तेच गणित न बघता सोडवून बघा. सुटलं तर पुढे बोला.

एकास एक शिकवण्यात ताकद आहे, हे शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं होतं. त्यांच्या अभ्यासात स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला होता. पुढच्या संशोधनांत एवढा मोठा फरक सहसा दिसला नाही, पण मुद्दा टिकून राहिला. फरक पडतो तो चूक तिथल्या तिथे सापडते आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जायचं नसतं म्हणून. ‘पर्सनल अटेन्शन’ असं बोर्डावर लिहून आत पन्नास खुर्च्या मांडल्या, तर ती शिकवणी नव्हे, दुसरा वर्गच.

पैशांचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो. सरांसमोर कसं विचारायचं? पण विचारायलाच हवं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटर्ससाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात शिकवणारा किमान पदवीधर असावा, फीची पावती द्यावी, कोर्स चालू असताना फी वाढवू नये, रँकची किंवा मार्कांची हमी देऊ नये असं म्हटलंय. पूर्ण फी भरून मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असंही त्यात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींसाठीही नियम काढले. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने नेमका कुठला कोर्स केला होता तेही सांगायला हवं. कारण चार दिवसांच्या मॉक इंटरव्ह्यूला आलेला मुलगाही फ्लेक्सवर ‘आमचा विद्यार्थी’ होतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. हे दोन्ही दस्तऐवज ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लाससाठी आहेत. घरी पाच-सहा पोरांना शिकवणारे सर किंवा मॅडम त्यात येत नाहीत. तिथे तुमची नियमावली तुम्हीच ठरवायची. आठवड्यात किती दिवस, किती वेळ, कुठले टॉपिक, महिन्याची फी किती, बुडालेला तास भरून मिळणार का, हे सगळं व्हॉट्सॲपवर एका मेसेजमध्ये लिहून दोघांनी ‘ओके’ करावं. वर्षाची फी एकदम भरू नका. महिन्याची भरा, महिन्याच्या शेवटी जुना पेपर सोडवा, फरक दिसला तरच पुढचा महिना. क्लासने फसवल्यासारखं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

वेळेचा हिशेबही पैशांइतकाच महत्त्वाचा. मेढ्याहून साताऱ्याला किंवा जतहून सांगलीला एसटीच्या पासवर येणाऱ्या पोरीला ‘बॅच सहा ते आठ’ सांगणं म्हणजे येऊ नकोस असंच सांगणं. शेवटची गाडी चुकेल या भीतीने तासाचा शेवटचा अर्धा भाग घड्याळाकडे बघण्यात जातो. अशा वेळी नामांकित क्लासपेक्षा स्टँडजवळचा साधा क्लास बरा, किंवा कॉलेज सुटल्यावर लगेच तासभर बसणारी सीनियर ताई बरी. आणि घरगुती शिकवणी असेल तर कुठे, किती वाजता, कुणाकडे जातोय हे घरी माहीत असू द्या. पहिल्या दिवशी घरातलं कुणी सोबत गेलं तर त्यात कमीपणा काही नाही. ज्या शिक्षकांना ते खटकतं, त्यांच्याकडे न गेलेलंच बरं.

वर्गात शिकवणारेच संध्याकाळी ‘माझ्याकडे या’ म्हणत असतील तर? आठवीपर्यंतच्या शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने बंदी आहे. कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतल्या आचारसंहितेत, कामात अडथळा येईल अशा खासगी शिकवण्यांपासून दूर राहावं असं म्हटलंय. इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात आहेत त्यांना नाही म्हणणं एकट्या विद्यार्थ्याला जमत नाही. म्हणून तिथे आवाज कॉलेजनेच उठवायला हवा.

यावर कुणी म्हणेल, कॉलेजात नीट शिकवलं तर ही वेळच कशाला येईल? बरोबर आहे. पण मग टाइमटेबलवरचा ट्युटोरियलचा तास खरंच होतो का, हे विचारणारे किती जण आहेत? तो तास आपण भरलेल्या फीतलाच आहे. तिथे वीस जण चुकलेली गणितं घेऊन बसले, तर सरांनाही ‘सगळ्यांना समजलं ना?’ म्हणून पुढे जाता येणार नाही. पहिली शिकवणी तिथे मागायची. ती मागूनही मिळाली नाही, तर मग खिशात हात घालायचा.

आणि एक बाजू आपण विसरतो. आपल्यातले कित्येक जण शिकवणी देऊही शकतात. ‘कमवा आणि शिका’ ही वाट याच मातीत रुजली आहे. बी.एस्सी.च्या मुलीला दहावीचं गणित शिकवता येतं, तिचा मेसचा खर्च निघतो आणि समोरच्या पोराला आपल्या भाषेत बोलणारं कुणीतरी मिळतं. फक्त जे आपण शिक्षकात शोधतोय ते स्वतःतही असू द्या. येत नसेल तर ‘उद्या बघून सांगते’ म्हणायची तयारी ठेवा, आणि पोराला जमायला लागलं की ‘आता तुला माझी गरज नाही’ असंही सांगा.

चांगली शिकवणी कधीतरी संपते. ज्यांच्याकडे दोन वर्षं जाऊनही एकट्याने पेपर उघडायची भीती वाटते, तिथे आपण शिकलो कमी आणि टेकून बसलो जास्त. नव्या सेमिस्टरची फी भरायच्या आधी झेरॉक्सचा अर्ज भरा. त्या पेन्सिलीच्या खुणा मोजा. मग ठरवा, माणूस हवाय, सराव हवाय की फक्त दाराला कडी लावून बसायला एक टेबल.