भरिताचा मान आणि सूनबाईचे ओठ

घोडेगावहून डिंभ्याकडे जाताना शिनोली लागते. तिथल्या एका माजघरात गेल्या चंपाषष्ठीला घडलेली ही गोष्ट. चार महिने वर्ज्य असलेले वांगे त्या दिवशी सुटते. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, पाने वाढली गेली, आणि नव्या सुनेने भरीत नको म्हणून पानावर हात आडवा धरला.

"अगं, देवाचा प्रसाद आहे. नाही म्हणू नये."

"आत्याबाई, माझे ओठ सुजतात. घसा खाजतो."

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही!"

देवाचा नि सासूचा मान राखायचा म्हणून पोरीने दोन घास खाल्ले. पाव तासात ओठ टरारून सुजले, अंगावर गांधी उठल्या, आणि रोडगे तसेच टाकून मंडळींना डॉक्टरांकडे धावावे लागले. सूनबाई सुखरूप परतल्या. पण सासूबाईंचा प्रश्न राहिलाच, "निखाऱ्यावर चांगलं भाजलेलं होतं की वांगं! कच्चं थोडंच होतं?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. भाजल्या-शिजवल्याने पुष्कळशा पदार्थांचा दोष जातो हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. मग वांग्याचा का जाऊ नये?

वांग्यात खाज आणणारे पदार्थ एकाहून अधिक आहेत. त्यांतल्या एका संशयिताची मात्र आता पुरती झडती झालेली आहे. बेळगावात जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. दिनकर साळुंके आणि त्यांच्या सहकारी आभा जैन यांनी वांग्यातले एक चिमुकले प्रथिन वेगळे काढले, त्याचे स्फटिक बनवले, आणि त्याची रचना २०१७ साली प्रसिद्ध केली. स्निग्ध पदार्थ इकडून तिकडे नेणारे म्हणून या घराण्याला 'स्निग्धवाहक' प्रथिने म्हणू. मक्यातल्या अशाच एका प्रथिनाची स्फटिकरचना कोरियातल्या शास्त्रज्ञांनी १९९५ साली उकलली होती.

स्फटिक कशाला, असे कुणी विचारील. खडीसाखर कशी होते ते आठवा. पाक सावकाश निवत ठेवला की साखरेचे कण शिस्तीत रांगा धरतात. प्रथिनाचे द्रावणही असेच हळूहळू, फार लाडीगोडीने, रांगेत बसवावे लागते. मग त्या स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे. ते ठराविक दिशांना फाकतात, ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि त्या नक्षीवरून कोणता अणू कुठे बसला आहे ते गणिताने काढायचे.

काय दिसले? दिवाळी आहे, तेव्हा करंजीच डोळ्यांपुढे आणा. सुमारे नव्वद दुव्यांची एक साखळी, तिचे चार पीळदार वेटोळे, आणि त्यांच्या मधोमध एक पोकळी. पोकळीला आतून तेलकट अस्तर. पाण्याला तिथे मज्जाव. स्निग्ध पदार्थाची लांब शेपटी सारणासारखी तिथे अलगद मावते. आणि करंजीची मुरड म्हणाल, तर गंधकाचे चार टाके! मुरड नीट घातलेली करंजी कढईत उमलत नाही. हे प्रथिनही तसेच. उकळत्या पाण्याला ते सहजी बधत नाही, आणि पोटातल्या पाचकरसांनाही पुरते दाद देत नाही. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर या चार टाक्यांत आहे.

झाडाने ही करंजी आपल्याला छळण्यासाठी मात्र केलेली नाही. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण पानावर मेणाचा थर असतो. पानाफळांवर असा थर चढवायला लागणारा स्निग्ध माल आतून बाहेर पोचवण्यात या प्रथिनांचा हात असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. त्यांतली काही बुरशीशीही झुंजतात. पीच या फळात त्यांचा भरणा सालीत असतो, आणि भूमध्य समुद्राकाठी पीच खाऊन आजारी पडणाऱ्यांच्या बाबतीत बोट याच घराण्याकडे जाते. घराणे एक, ठेवण सारखी. म्हणून एकाशी वाकडे आले की दुसऱ्याशीही येऊ शकते.

यावरून कुणी लगेच वांग्याला वाळीत टाकू नये. म्हैसूरला ७४१ लोकांची पाहणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. वांगे खाऊन काही ना काही त्रास सांगणारे दहांत एकाच्या आसपास निघाले. पण खरी ॲलर्जी शंभरात एकालाही पुरती नव्हती. त्रास होणाऱ्यांत बायका अधिक होत्या, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे. आपल्याकडे बाईने "मला हे सोसत नाही" म्हटले की आधी 'नखरा' हा शब्द उठतो, आणि वैद्य मागाहून आठवतो.

शिनोलीच्या सूनबाईंना बाधले ते हेच प्रथिन की दुसरे काही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. घरच्यांनी ठरवायचे ते एवढेच, की ओठ सुजतात म्हणणाऱ्या माणसाला 'एक घास खाऊन तर बघ' असा आग्रह करायचा नाही. पहिल्या वेळी ओठांवर निभावले ते पुढच्या वेळी श्वासावर बेतू शकते.

चंपाषष्ठी आता महिन्यावर आली. सासूबाईंनी आतापासूनच बजावून ठेवले आहे, "भरीत देवाला. सुनेला पिठलं!" खंडोबा यावर रागावेल असे आम्हांला तरी वाटत नाही.