पॅड दिलं, पुढे काय?



पाचवी-सहावीतली एखादी मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस शाळेत येत नाही. आपण हजेरीत गैरहजेरी मांडतो. विचारलं तर आई सांगते, "पोटात दुखतंय तिच्या, बाई." कारण आईला माहीत असतं, आपल्यालाही माहीत असतं. बोलत मात्र कुणीच नाही.

या गप्प बसण्याची किंमत मोठी आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. त्याआधी अशी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के जणींची! बाकीच्या अंगावर काढत होत्या.

२०१८ मध्ये राज्यात अस्मिता योजना आली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट मिळू लागलं. पाऊल चांगलंच होतं. पण माझं स्पष्ट मत आहे, पॅड हातात दिलं म्हणजे आपलं काम संपलं असं नाही. वापरलेलं पॅड तिने टाकायचं कुठे? शौचालयाला कडी नाही, नळाला पाणी नाही, कचऱ्याचा डबा नाही. मग ते शौचालयाच्या भांड्यात तरी जातं, नाहीतर ओढ्यात. बाजारातल्या बहुतेक पॅडमध्ये प्लॅस्टिक असतं, ते कुजत नाही. उघड्यावर जाळलं तर विषारी धूर होतो. म्हणजे मुलीचं आरोग्य आणि गावाचं आरोग्य हे दोन वेगळे विषय नाहीतच.

पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने सोपा उपाय पुढे आणला. पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि वेगळं द्या. ठिपका दिसला की कचरा वेगळा करणारी बाई ते हाताने उघडत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांतही पॅड नीट गुंडाळून देण्याची सूचना होती. एका ठिपक्याला खर्च किती? पण त्यासाठी आधी घरात हा विषय उघड बोलावा लागतो.

मग आपण काय करूया?

१. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत कडी, पाणी आणि झाकणाचा डबा हे तीन विषय घ्या. डबा कोण रिकामा करणार आणि पॅड शेवटी कुठे जाणार, हेही तिथेच ठरवा.

२. आशाताई आणि आरोग्यसेविकेला बोलवा. आई-मुलींना एकत्र बसवा. आधी त्यांचं ऐका, मग सांगा.

३. कापड वापरणाऱ्यांना नावं ठेवू नका. साबणाने धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं कापड चांगलंच. दुसऱ्या कपड्यांखाली लपवून ओलसर राहिलेलं कापड मात्र त्रास देतं.

४. मुलांना वर्गाबाहेर काढू नका. ज्याला कळलं, तो चिडवत नाही.

पालकहो, विशेषतः वडिलांनो, या बैठकीला तुम्हीही या. मुलीची शाळा तुटू नये असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. मग तिच्यासाठी दाराला एक कडी आपण नक्कीच बसवू शकतो.