कमरेचे पिस्तूल आणि परके घर

अमेरिकेत नळ, वीज, एसी दुरुस्त करणारे काही कारागीर शर्टाखाली पिस्तूल लावून गिऱ्हाइकाच्या घरात शिरतात. टेक्सासमध्ये तर १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील बहुतेकांना त्यासाठी परवानाही लागत नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणे गुन्हा ठरतो. म्हणून आपल्याला हे विचित्र वाटते.

पण कारागिराची भीती खोटी नाही. तो एकटा, घर अनोळखी, दार कोण उघडेल ठाऊक नसते. त्याची चेष्टा करू नये.

तरीही मला हे पटत नाही. सिंकखाली आडवे पडून पाइप आवळताना कमरेचे पिस्तूल निसटू शकते, आणि शेजारी घरातले लहान मूल उभे असू शकते. घरमालकाला नाही म्हणण्याचा हक्क आहे. पण जे दिसतच नाही त्याला तो नाही कसे म्हणणार?

उर्दूच्या तासाला मी 'अमानत' हा शब्द शिकवतो. विश्वासाने सोपवलेली वस्तू म्हणजे अमानत. उघडलेले दारही अमानतच. सलाम करून, इजाजत घेऊन आत जावे, हे आपण लहानपणीच शिकतो. ती इजाजत माणसाला असते, त्याने लपवलेल्या हत्याराला नव्हे.

भीतीवर इलाज मालकाने करावा. धोक्याच्या ठिकाणी दोघांना पाठवावे. घाबरून परत आलेल्याचा पगार कापू नये. तोवर कारागिराने निदान दारातच सांगावे, आणि नकार मिळाला तर तो ऐकावा.