हंबनटोटा चीनने ‘बळकावले’? एका सोयीस्कर कथेची उलटतपासणी #थ्रेड

श्रीलंकेला कर्ज फेडता आले नाही आणि चीनने हंबनटोटाचे बंदर ताब्यात घेतले, ही कथा इतकी रुळली आहे की तिचे हिशेब तपासण्याचे कष्टही कोणी घेत नाही. जानेवारी २०१७मध्ये ब्रह्म चेलानी यांच्या लेखातून ‘कर्जसापळ्याची मुत्सद्देगिरी’ हा शब्दप्रयोग पुढे आला. ऑक्टोबर २०१८मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी श्रीलंकेचा दाखला देत हाच आरोप केला आणि मग तो स्पर्धा परीक्षांच्या टिपणांपर्यंत झिरपला. शब्द आकर्षक आहे. इतिहास म्हणून मात्र लंगडा.

प्रथम बंदराचा जन्म पाहावा. हंबनटोटा हा महिंदा राजपक्षे यांचा स्वतःचा जिल्हा. तेथे बंदर बांधण्याची कल्पना बीजिंगमध्ये सुचलेली नव्हती. चिनी कर्ज येण्यापूर्वी एका कॅनेडियन आणि नंतर एका डॅनिश कंपनीने तिची व्यवहार्यता तपासली होती. राजपक्षे यांच्या म्हणण्यानुसार प्रस्ताव आधी भारतापुढे ठेवला गेला होता. (आपल्याकडील चर्चांतून नेमका हाच तपशील गळतो, हा योगायोग म्हणावा काय?) अखेर २००७मध्ये चीनच्या एक्झिम बँकेने पहिल्या टप्प्यासाठी ३० कोटी ७० लाख डॉलर दिले, व्याज ६.३ टक्के. हा दर मैत्रीचा खासच नव्हे. परंतु त्याच वर्षी श्रीलंकेने आंतरराष्ट्रीय बाजारात ५० कोटी डॉलरचे आपले पहिले सार्वभौम रोखे विकले, तेही ८.२५ टक्क्यांनी. दोघांत महाग सावकार कोणता, हे कळण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आता २०१७ साल. बंदर तोट्यात होते, हे निर्विवाद. चायना मर्चंट्स पोर्ट या कंपनीने ११२ कोटी डॉलर मोजून ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले. ही रक्कम गेली श्रीलंकेच्या परकीय गंगाजळीत. बंदराचे कर्ज माफ झाले नाही की मिटलेही नाही; ते कोलंबोच्या माथी तसेच राहिले. कर्जाच्या बदल्यात मालमत्ता, ही तर सापळ्याची व्याख्या. आणि नेमके तेच येथे घडले नाही. डॉलर हवे होते ते आटत चाललेल्या गंगाजळीसाठी.

एप्रिल २०२२मध्ये श्रीलंकेने परकीय देणी थांबवली, तेव्हा सार्वजनिक उपक्रमांची कर्जे धरूनही चीनचा वाटा सुमारे २० टक्के होता. रोखेधारकांचा वाटा त्याहून बराच मोठा, एक तृतीयांशाच्या वर. त्याआधी २०१९च्या अखेरीस गोटाबाया राजपक्षे सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला, २०२१मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. मध्यंतरी महासाथीने पर्यटन बुडवले. सापळ्याच्या कथेत यांतले काहीच उरत नाही. उरतो तो एक धूर्त सावकार आणि एक बावळट ऋणको.

याचा अर्थ चीन निर्दोष ठरतो असा नाही. त्याच्या कर्जकरारांतील गोपनीयतेची कलमे लोकशाहीला मारकच आहेत. श्रीलंकेला नाणेनिधीची मदत मार्च २०२३पर्यंत लांबली, त्यात एक्झिम बँकेने आश्वासन देण्यास लावलेला विलंब हेही एक कारण होते. परंतु हे दोष कठोर धनकोचे आहेत, आणि असे धनको लंडनमध्ये व न्यूयॉर्कमध्येही बसतात.

या कथेचा सर्वांत मोठा अन्याय मात्र वेगळाच आहे. गरीब देशांनाही हेतू असतात, डाव असतात, चुका करण्याची क्षमता असते, हेच ती नाकारते. या दृष्टीने टांझानिया–झांबिया रेल्वेचे उदाहरण पुन्हा वाचण्याजोगे आहे. झांबियाचे तांबे समुद्राकडे जाई ते गोऱ्यांची सत्ता असलेल्या दक्षिणेतून. १९६५मध्ये ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्याकांनी एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि ती वाट धोक्यात आली. पूर्वेकडे दार-एस-सलामपर्यंत लोहमार्ग टाकण्याची कल्पना जागतिक बँकेने आधीच नापसंत केली होती. तेव्हा ज्युलियस न्येरेरे आणि केनेथ कौंडा चीनकडे वळले. १९६७मध्ये करार झाला, १९७०मध्ये काम सुरू झाले आणि १,८६० किलोमीटरचा मार्ग १९७६मध्ये दोन्ही देशांच्या हाती आला. कर्ज ९८ कोटी ८० लाख युआन, व्याज शून्य. आणि देणारा चीन तेव्हा स्वतःच दरिद्री!

हे दानही निर्हेतुक नव्हते. सोव्हिएत संघाशी वैर पेटले होते, १९६९मध्ये सीमेवर गोळीबारही झाला होता, आणि संयुक्त राष्ट्रांतील आसन अजून तैवानकडे होते. ऑक्टोबर १९७१मध्ये ते ७६ विरुद्ध ३५ मतांनी बीजिंगला मिळाले. टांझानिया आणि झांबिया या दोघांची मते बाजूने पडली. स्थानिक खर्चाचा पैसा उभा करण्यासाठी चिनी माल आयात करून विकण्याची अटही होती.

पण न्येरेरे काही चीनचे मांडलिक झाले नाहीत. त्याच काळात दार-एस-सलामहून झांबियाकडे जाणारा महामार्ग अमेरिकी साहाय्याने बांधला जात होता. दोन प्रतिस्पर्धी महासत्ता एकाच दिशेने दोन वाटा बांधत होत्या, आणि दोन्ही वाटा हव्या असणारे यजमान तिसरेच होते.

आज तेच तांबे पश्चिमेकडे अंगोलातील लोबितो बंदरापर्यंत नेणाऱ्या रेल्वेला अमेरिका व युरोपीय संघ पैसा पुरवत आहेत आणि पूर्वेकडची जुनी रेल्वे चीन पुन्हा उभी करू पाहत आहे. लुसाकातील सरकार दोघांशीही वाटाघाटी करते आहे.